उत्तर ठाऊक असलेला माणूस

आमच्या सारांच्या तोंडून 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द मी नऊ वर्षांत एकदाही ऐकले नाहीत. नऊ वर्षं म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. एवढ्या काळात भलाभला माणूस चुकून एखादे वेळी खरं बोलून जातो. सार कधी बोलले नाहीत.

सारांची, म्हणजे तमिळ उच्चारातल्या आमच्या सरांची, कुंभकोणात टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनं, दोन लांब बाकं, भिंतीवर कोणत्या बोटाने कोणतं अक्षर दाबायचं त्याचा तक्ता, आणि पुढच्या बाजूला सारांची खुर्ची. ती खुर्ची त्यांनी एका लाकडी फळीवर ठेवली होती. सार उंचीने बेताचे. फळीवर बसले की बाराही मशिनं आणि बाहेरचा रस्ता त्यांच्या नजरेखाली येत असे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तिथे शिकायला गेले आणि मग शिकवायला तिथेच राहिले.

आमच्याकडे मराठी माणसाला घराबाहेर एकच नाव असतं, राव. वकील राव, दूधवाला राव, देवळातला राव. नुसतं 'राव' म्हटलं की मात्र आमचे सार. आमची घराणी तिथे आली ती तंजावरात मराठे राज्य करत होते तेव्हा. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ, हा आमचा पिढ्यान्पिढ्यांचा शिरस्ता. पुढे लग्न होऊन मी पुण्यात आले, आणि इथल्या बायकांनी हसून हसून माझी मराठी सरळ केली, म्हणून हे असं लिहिता येतंय. माणसं बोलतील तेव्हा ती आमच्या घरातल्यासारखीच बोलतील, त्याला माझा इलाज नाही.

इन्स्टिट्यूटच्या दाराबाहेर सारांनी एक काळा फळा टांगला होता. रोज सकाळी साडेसहाची बॅच बसली की ते खडूने त्यावर एक प्रश्न लिहीत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उत्तर, आणि त्याखाली ठरलेली ओळ: 'कोणालाही आले नाही.' खरं तर लोकांना येत असे. कॉलेजातली मुलं, कॉफी क्लबचा मॅनेजर, एकदा तर आमचा पोस्टमन सायकलवरून न उतरताच उत्तर सांगून गेला. त्याचं सारांना काही नव्हतं. पोस्टमनला म्हणाले, "अर्धं बरोबर." आणि फळ्यावर 'कोणालाही आले नाही' लिहून मोकळे झाले.

हे 'अर्धं बरोबर' त्यांच्या जिभेवर बसलेलंच होतं. तुम्ही काहीही सांगा, अगदी त्यांच्याच पुस्तकातलं वाचून दाखवा, ते अर्धंच बरोबर असायचं. उरलेलं अर्धं त्यांच्यापाशी. ते सार कधी सांगत, कधी नुसतंच डोळे मिटून मान हलवत. मी बरेच दिवस भाबडेपणाने त्या उरलेल्या अर्ध्याची वाट पाहत असे. मग लक्षात आलं की पुष्कळदा ते नसतंच.

त्यांना जागेचं, वेळेचं काही भान नव्हतं असं लोक कौतुकाने सांगत. विद्वान माणूस आहे, असायचाच विक्षिप्त. मला त्यात कौतुक कधी दिसलं नाही. शेजारच्या समयांच्या दुकानदाराचे वडील गेले तेव्हा मी सारांबरोबर भेटायला गेले होते. मुलगा ओसरीवर बसून रडत होता. सार पाच मिनिटं गप्प बसले, त्यांच्या मानाने ते फार झालं, आणि मग त्यांनी त्याला विचारलं, "पितळेत तांब्याबरोबर काय असतं?" आयुष्यभर पितळ विकलेला तो माणूस डोळे पुसत म्हणाला, "जस्त." सार म्हणाले, "अर्धं बरोबर." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

माझ्यावर तर त्यांचे विशेष उपकार आहेत. टायपिंगच्या सरकारी परीक्षेत समोरचा उतारा जसा आहे तसा उतरवायचा असतो, चुकीसकट. सार आम्हांला शिकवत, "चूक दिसली कीं दुरुस्त करणें. माकडासारखें उतरवणें हें माझ्या इन्स्टिट्यूटींत चालत नाही." हायरच्या, म्हणजे वरच्या ग्रेडच्या, परीक्षेत माझ्या उताऱ्यात नर्मदा बंगालच्या उपसागराला जाऊन मिळत होती. मी थांबले, विचार केला, तिला अरबी समुद्रात नेऊन सोडलं, तोवर वेगही गेला आणि गुणही गेले. नापास झाल्याचं सांगायला गेले तर सारांचा चेहरा आनंदाने फुलला.

"परीक्षेंत नापास, पण भूगोलांत पास!" ते म्हणाले. "सरकारास अक्कल नाही, त्यास तूं काय करणार?"

मी पुढच्या खेपेला पास झाले. त्या वेळी मी नर्मदेला जिकडे जायचं तिकडे जाऊ दिलं. पण तोवर कोर्टातली टायपिस्टची जागा, जिच्यासाठी मी परीक्षा देत होते, ती दुसऱ्या मुलीला मिळाली होती, आणि सारांनी मोठ्या मनाने मला शिकवायला ठेवून घेतलं.

गावात क्विझ असली की सार. शाळांच्या, क्लबांच्या, बँकांच्या, सगळ्या क्विझना प्रश्न विचारायला तेच. शाल, हार, फळांची परडी. हळूहळू माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती मी कुणाला बोलले नाही: प्रश्न नेहमी सारच विचारत. समोरच्या खुर्चीत बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. उत्तरं लिहिलेला कागद हातात धरून सगळ्या गावाने त्यांना सर्वज्ञ ठरवून टाकलं होतं.

आता त्या टीव्हीच्या प्रकरणाकडे येते. त्याआधी माझ्या आत्याविषयी सांगायला हवं.

आत्या लहान वयात विधवा झाली. मी सात वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. वडील गेल्यावर भावाने घर विकलं, मी एका नातेवाइकांकडे खोलीत राहायला गेले, आणि आत्या गावातल्याच मेलकावेरी भागातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आश्रमात. आश्रम म्हणजे काय, एक भाड्याचं घर. नऊ बायका, काही आमच्या मराठी, काही तमिळ. मागे विहीर, पुढे तुळस. दोन व्यापारी मिळून तांदूळ-डाळ पुरवत, बाकीचं बायका स्वतः पाहत. आश्रमाची पत्रं मी इन्स्टिट्यूटमध्ये टाइप करून देत असे. घरमालकाला ते घर विकायचं होतं. आश्रमाने विकत घ्यावं, नाहीतर खाली करावं, असं त्याचं म्हणणं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही मुली होत्या.

नव्वदीच्या मधल्या वर्षांची गोष्ट. घरोघर केबल नुकतीच आली होती. एका नव्या वाहिनीने प्रसिद्ध माणसांची क्विझ स्पर्धा काढली. प्रत्येकाने एखाद्या संस्थेसाठी खेळायचं, जोडीला आपल्या गावातला एक जाणकार घ्यायचा, आणि जो जिंकेल त्याच्या संस्थेला प्रायोजक मोठी रक्कम देणार. त्यात सिनेमातला एक विनोदी नट होता. पडद्यावर त्याचं काम म्हणजे हिरोच्या थपडा खाणं. तो मूळचा आमच्या शेजारच्या दारासुरम्‌चा, विणकराच्या घरातला. लहानपणी मेलकावेरीच्या त्या घरात विहिरीचं पाणी भरून दिलं की बायका त्याला दहीभात देत. ते त्याने लक्षात ठेवलं होतं. तो आश्रमासाठी खेळणार होता, आणि मिळणारी रक्कम त्या घराच्या किमतीला पुरून उरली असती. जाणकार कोण, म्हणून त्याने गावात विचारलं. गावाने एका तोंडाने सांगितलं, राव.

नट स्वतः इन्स्टिट्यूटमध्ये आला. रस्त्यावर ही गर्दी. तो आत येऊन सारांच्या पाया पडला आणि तमिळमध्ये म्हणाला, "मी चौथीपर्यंत शिकलो, सार. तुम्ही सांगाल तसं करतो. त्या आज्जींचं घर वाचलं पाहिजे." सार फळीवरच्या खुर्चीवरून उठले नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाले, "कूत्ताडी! तोंडास रंग लावून नाचणारा. याच्या शेजारीं बसणें आलें."

आम्ही मद्रासला गेलो ते चौघं. सार, त्यांची बायको, म्हणजे आमची मामी, आश्रमाच्या वतीने मी, आणि सारांच्या पुस्तकांची पेटी. तिला बसमध्ये वेगळं तिकीट काढलं होतं, म्हणून चौघं म्हणते.

सगळ्या फेऱ्यांचं चित्रीकरण दोन दिवसांत होतं, दाखवणार होते नंतर, दर रविवारी एक. आधी आम्हां सगळ्यांकडून कागदावर सही घेतली की निकाल कुणाला सांगायचा नाही. स्टुडिओत गारठा होता. सारांच्या चेहऱ्याला पावडर लावायला एक माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला पावडर कशापासून करतात ते विचारलं. त्या बिचाऱ्याने हात जोडले.

पहिली फेरी एका क्रिकेटपटूच्या जोडीशी. दुसरी एका गायिकेच्या. दोन्ही आम्ही जिंकलो, आणि मी इमानाने सांगते, सारांना पुष्कळ येत होतं. मी कितीही नाक मुरडलं तरी ते खोटं नाही. पण उत्तर देण्याआधी प्रश्न दुरुस्त करायची खोड तिथेही सुटेना. "तुमचा प्रश्न असा असायला हवा होता," अशी सुरुवात. घंटा वाजायला आली की नट टेबलाखालून त्यांच्या गुडघ्याला हात लावी, मग उत्तर बाहेर पडे. लोक हसत. सारांना वाटे, आपल्या विद्वत्तेवर खूश होऊन हसताहेत.

तीन वेळा नटाने बरोबर उत्तर कानात सांगितलं. माशांचं एक, नांगराचं एक, वेलीवर पानं खुडतात त्याचं एक. सारांनी तिन्ही वेळा तेच उत्तर स्वतःच्या भाषेत, लांबण लावून दिलं, आणि नंतर जेवताना मला म्हणाले, "मधें मधें बोलतो. माझी लय बिघडते."

अंतिम फेरी बातम्या वाचणाऱ्या एका बाईंच्या जोडीशी होती. तिला नियम वेगळा: जोडीत एक कप्तान, आणि त्याचाच शब्द धरायचा. नटाने हात जोडून कप्तानपद सारांना दिलं. गुण सारखे झाले. शेवटचा एकच प्रश्न उरला. तो आधी आमच्याकडे, आम्ही चुकलो तर त्यांच्याकडे.

"लुगड्याच्या काठाची खरी जर करताना रेशमी धाग्यावर कोणत्या धातूची तार गुंडाळतात?"

मी समोर प्रेक्षकांत बसले होते. अहो, हा काय प्रश्न झाला! आमच्या गावात कोणतंही पोर सांगेल. जुनी रेशमी लुगडी विकत घेणारा गल्लीतून ओरडत जातो, तो लुगडं जाळून चांदी काढतो आणि चांदीच्या वजनाने मोल देतो. सोन्याचा नुसता वरून मुलामा. नटाच्या बापाने जन्मभर हेच विणलं. नट आनंदाने खुर्चीतून अर्धा उठला आणि कुजबुजायचं विसरून मोठ्यानेच म्हणाला, "वेळ्ळि, सार! वेळ्ळि!" वेळ्ळि म्हणजे चांदी.

सारांनी हात वर करून त्याला गप्प केलं. नाकावरचा चष्मा नीट केला. प्रश्न विचारणाऱ्याने समंजसपणे म्हटलं, "कप्तानांचं उत्तर हवं. पुन्हा विचार करा हवं तर."

"सोनं," सार म्हणाले.

पुढे ते सोन्याच्या धाग्याचा इतिहास सांगू लागले. घंटा वाजली तरी सांगत राहिले. बातम्यांच्या बाई संकोचाने हसून म्हणाल्या, "चांदी," आणि सगळीकडे टाळ्या झाल्या. नट टाळ्या वाजवत नव्हता. तो टेबलाकडे बघत बसला होता. पडद्यावर मी त्याला शेकडो थपडा खाताना पाहिलं होतं, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या जोडीच्या संस्थेला त्या रकमेचा मोठा पुठ्ठ्याचा चेक मिळाला. आमच्या आश्रमाला एक मिक्सर मिळाला.

परतीच्या बसमध्ये मी मिक्सरचं खोकं मांडीवर घेऊन बसले होते. पण्रुटीला बस थांबली. फणसवाले खिडक्यांपाशी आले, मामी गरे घ्यायला खाली उतरल्या. सार पुढच्या बाकावरून मागे वळले. त्यांना वाटलं असावं की मी काहीतरी विचारावं. मी विचारलं नाही, तर तेच म्हणाले:

"चांदी म्हणून मज ठाऊक होतें."

मी मांडीवरचं खोकं सरळ केलं.

"ठाऊक नाहीं असें समजूं नको. अस्सल ठाऊक होतें. पण तो कूत्ताडी सगळ्यांपुढें ओरडला. त्यानंतर मीं चांदी सांगितलें तर लोक काय म्हणतील? रावास त्यानें शिकवलें म्हणतील!"

"सार," मी म्हटलं, "त्या बायकांचं घर—"

"तें काय, होईल कांहींतरी," सार म्हणाले, आणि मामींनी खालून दिलेला गरा त्यांनी तोंडात टाकला. त्यातली आठळी खिडकीतून बाहेर फेकत त्यांनी मला विचारलं, फणस हे फळ आहे की फळांचा समूह? मला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात मिक्सर घालावासा वाटला. मी म्हटलं, "समूह." ते म्हणाले, "अर्धं बरोबर."

कुंभकोणात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, आश्रमात निदान कानावर घालू का? सार ताठ झाले. "सही केली आहे. शब्द म्हणजे शब्द." असे ते शब्दाचे पक्के. आणि मग सगळं गाव विचारू लागलं, काय राव, जिंकलां कीं नाहीं? सार डोळे मिटून असं काही गूढ हसत की विचारणारा जिंकल्याची खात्री करून घेऊन जाई. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. तेवढ्यासाठी त्यांना बक्षीस द्यायला हवं होतं.

पहिला रविवार आला. आश्रमात कुणीतरी टीव्ही आणून लावला. बायका आंघोळी करून, धुतलेली लुगडी नेसून बसल्या. सार क्रिकेटपटूला हरवताहेत हे पाहून त्यांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या रविवारी गायिकेला हरवल्यावर आत्याने माझी दृष्ट काढली, मी मद्रासला गेले होते म्हणून. घरमालक म्हणाला, आता एक रविवार मीही थांबतो.

त्याच आठवड्यात आत्या इन्स्टिट्यूटमध्ये आली. एका मठाच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, मागच्या बाजूला दोन मोठ्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. छत्राच्या व्यवस्थापकांनी आश्रमाला विचारलं होतं, हव्या आहेत का, चार दिवसांत कळवा. बायकांनी बसून विचार केला होता. घर तर आता आपलंच होणार. मग दोन खोल्यांत नऊजणींनी कशाला कोंबून घ्यायचं? दुसऱ्या कुणाची तरी सोय होईल. नको म्हणून कळवायचं ठरलं.

"चांगलें लिही, बाळे," आत्या म्हणाली. "उपकार मानून लिही. माज केला असें वाटूं नये."

मी मशिनमध्ये कागद घातला. सार फळीवर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, आत्या तिथेच उभी होती. सारांनी मला हाताने खूण केली, चालू दे. मी पत्र टाइप केलं. त्यांनी ते वाचायला मागितलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि आत्याला परत दिलं. आत्याने त्यांना वाकून नमस्कार केला.

तिसऱ्या रविवारी सार आश्रमात आले. मला वाटलं होतं ते तोंड लपवतील. मी त्यांना ओळखलंच नव्हतं. बायकांनी बोलावणं केलं होतं, त्यांच्यासाठी कुठून तरी हाताची खुर्ची मागून आणली होती, आणि स्वयंपाकघरात खीर शिजत होती. खिरीसाठी सकाळी आत्या पातेलं घेऊन चार घरी दूध मागून आली होती. सार खुर्चीत बसले. बायका जमिनीवर, त्यांच्या पायांशी. मी दाराला टेकून उभी.

सार पडद्यावरच्या स्वतःकडे तल्लीन होऊन पाहत होते. मधेच म्हणत, "हें पाहा, येथें मीं त्यास कसें पकडलें." गुण सारखे झाले. बायका पुढे सरकल्या. आणि तो प्रश्न आला.

जर कशाची, म्हणून पडद्यावरच्या माणसाने विचारलं मात्र, त्या खोलीतल्या नऊच्या नऊ बायका एका आवाजात म्हणाल्या, "चांदी!"

म्हणणारच. त्या सगळ्या विधवा होत्या. प्रत्येकीने कधी ना कधी आपलं लग्नातलं लुगडं त्या गल्लीतल्या माणसाला विकलं होतं, आणि त्याने ते अंगणात समोर जाळून राखेतून काय उचललं, ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हसत होत्या बिचाऱ्या. सोपा प्रश्न आला म्हणून एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. पडद्यावर नटही ओरडला, तशा त्या आणखी हसल्या.

मग पडद्यावरचे सार म्हणाले, "सोनं."

बाहेर रस्त्यावरून सायकलची घंटा ऐकू आली. पडद्यावर टाळ्या वाजत होत्या. एक फार म्हातारी आजी, जिला कमी दिसे, ती शेजारणीला विचारत राहिली, "काय जाहलें? घर आपलें जाहलें ना?"

सारांनी चष्मा काढून पुसला. "प्रश्नच चुकीचा होता," ते म्हणाले.

आत्या उठली. मला वाटलं, आता ती बोलेल. मी वाट पाहत होते, मला तर हवंच होतं की कुणीतरी त्यांना चार शब्द सुनवावेत, नऊ वर्षांचे एकदम. ती आत गेली आणि खिरीची वाटी घेऊन आली. पहिली वाटी सारांच्या हातात दिली. म्हणाली, "घ्या, राव. निवते."

सारांनी खीर खाल्ली. चांगली झाली आहे म्हणाले. दुसरी वाटी मागून घेतली.

पण्रुटीला सार काय बोलले, ते मी तिथे सांगितलं नाही. पुढेही कुणाला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी मला त्याच मशिनांवरची आवरणं काढायची होती. ही काही मोठी सबब नव्हे हे मला कळतं.

दोन महिन्यांत घर रिकामं झालं. छत्रातल्या खोल्या केव्हाच दुसऱ्यांना गेल्या होत्या. नटाने मद्रासहून माणूस पाठवून दोघी-तिघींची सोय लावली. बाकीच्या जिथे कुणी घेईल तिथे गेल्या. आत्याला पापनाशम्‌ला एका लांबच्या चुलतभावाने ठेवून घ्यायचं कबूल केलं, भाताच्या कोठीशेजारच्या जागेत. माझ्या खोलीत मला एकटीलाच राहू देत होते. मी नातेवाइकांना विचारलं होतं, फार जोर लावून विचारलं नव्हतं.

तिला बसवून द्यायला मी सकाळी स्टँडवर गेले. एक ट्रंक आणि एक वळकटी. बस यायची होती. मी उगीचच, तिला बरं वाटावं म्हणून, सारांना शिव्या द्यायला सुरुवात केली. असा माणूस, तसा माणूस, जन्मात कुणाचं भलं केलं नाही.

आत्याने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "राव तसेच. त्यांचें मज कांहीं नाही. त्यांजपाशीं मीं कधीं कांहीं मागितलें नव्हतें."

बस आत शिरत होती. तिने वळकटी उचलली.

"पण तूं त्या दिवशीं तेथें होतीस, बाळे. छत्रास पत्र लिहिलें, तेव्हां तुज ठाऊक होतें. मी तुझ्या शेजारीं उभी होत्यें."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. तिने फक्त सांगितलं आणि ती बसमध्ये चढली. मी ट्रंक कंडक्टरकडे वर दिली. खिडकीतून तिने मला जा म्हणून हात केला, उशीर होईल म्हणाली.

मी सरळ इन्स्टिट्यूटला गेले. साडेसहाची बॅच केव्हाच बसली होती. सारांनी फळीवरून घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वीस मिनिटें उशीर," ते म्हणाले.

मी म्हटलं, "चुकलं, सार. पुन्हा होणार नाही."